डावीकडच्या बशा

इंदोरा, नागपूर
रविवार, ९ नोव्हेंबर १९८६

प्रेमिलाताई,
सप्रेम जयभीम.

त्या दिवशी नळ वेळेवर आला होता. पाण्याचे दोन गुंड आणि एक बादली भरली, दारापुढे झाडलं, उरलेली भाकर तव्यावर गरम करून चहासोबत खाल्ली आणि सातच्या बसनं बर्डीला आले. शटरचं कुलूप काढलं. आत सिगरेटीचा आणि तापलेल्या तारांचा वास कोंडलेला असतो, म्हणून आधी पंखा लावला. फरशी झाडली, पुसली. मग ओला पेपर घेऊन मशिनींच्या काचा पुसायला घेतल्या. चार पुसून झाल्या होत्या, पाचवी पुसत होते.

माफ करा, मी मधूनच सुरुवात केली. सहा वर्षांनी पत्र लिहिताना सुरुवात कुठून करतात ते मला माहीत नाही. तुम्ही बऱ्या असाल. भंडाऱ्याला थंडी पडली असेल. दवाखान्यात तुम्हाला अजून रात्रपाळी देतात, की मोठ्या सिस्टर झालात म्हणून सुटका झाली? माझी तब्येत ठीक आहे.

हे अक्षर माझंच आहे. तुम्हाला वाटेल, कोणाकडून लिहून घेतलं. आनंदराव गेल्यावर खापरखेड्याचं क्वार्टर सोडलं आणि इथं इंदोऱ्याला खोली घेतली, तेव्हा बाराखडीचा तक्ता आणून भिंतीला लावला. वाण्याच्या पुड्यांचे कागद सपाट करायची आणि तक्त्याकडे पाहत एकेक अक्षर जुळवायची. शिकवायला कोणी नव्हतं. दीड वर्ष लागलं. आता रोजचा पेपर वाचते. विहारात पुस्तकांचं एक कपाट आहे, त्यातली खालच्या दोन फळ्यांवरची सगळी वाचून झाली.

कामाचं सांगते. बर्डीवर ओमप्रकाशजी म्हणून एक आहेत, त्यांनी व्हिडिओ गेमचं दुकान टाकलं आहे. टीव्हीसारखी पेटी असते, तिला एक दांडी आणि दोन बटणं. नाणं टाकलं की आतलं चित्र हलायला लागतं आणि आपला माणूस आपण दांडीनं हलवायचा. मेला की खेळ संपला. कॉलेजातली मुलं दिवसभर तिथंच असतात. मी झाडायला म्हणून लागले. एकदा दुपारी काच पुसताना मशीन चालूच होती, कोणीतरी खेळ अर्धा टाकून गेलं होतं बहुतेक. मी दांडीला हात लावला आणि आतला माणूस हलला. ताई, मी घाबरून मागं सरकले. मग पुन्हा हात लावला.

एक दिवस ओमप्रकाशजी लवकर आले आणि मी खेळताना सापडले. मला वाटलं, कामावरून गेले. ते पाठीमागे उभं राहून पाहत राहिले आणि म्हणाले, "अरे बाप रे! अंजनाबाई, आप तो लौंडों से अच्छा खेलती हो." तेव्हापासून त्यांनी मला एक काम वाढवून दिलं आहे. दुकान दहाला उघडतं. त्याआधी प्रत्येक मशीन एकदा खेळून पाहायची. दांडी, बटणं नीट असली तर पेटीच्या कुशीला खडूनं बरोबरची खूण करायची, बिघाड असला तर फुली. अकराला मेकॅनिक येतात ते फुली पाहून पेटी उघडतात. नाणं लागत नाही, मागची लहान झडप उघडून आतली तार दाबली की खेळ सुरू होतो. छेचाळीस वर्षांच्या बाईला खेळायचा पगार मिळतो असं सांगितलं तर शेजारची भीमाबाई विश्वास ठेवत नाही.

तुम्हाला एकेक सांगते. नावं इंग्रजीत आहेत, ती मला वाचता येत नाहीत, म्हणून मी माझी ठेवली आहेत.

'मोटर' मला आवडत नाही. रस्ता आपल्या अंगावर धावत येतो, दोन्ही बाजूंनी दुसऱ्या मोटारी घुसतात. कितीही चांगली चालवली तरी कुठं पोचत नाही. एक गाव लागत नाही. 'विमान' म्हणजे नुसता आवाज. वरून किडे येतात, त्यांना गोळ्या घालायच्या, एक मारला की चार येतात. मुलांना हाच आवडतो. मारामारीची एक आहे, तिच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

'विहीर' फार चांगला. एक माणूस दोरीनं विहिरीत उतरतो. तळाला हंडा आहे. भिंतीच्या भोकांमध्ये साप झोपलेले असतात. दांडी घाईनं ओढली तर दोरी हलते आणि साप जागे होतात. म्हणजे जेव्हा भीती वाटते तेव्हाच हात हळू चालवायचा. ज्या कोणी हा बनवला त्याला माणूस कळत असणार. मी तो शेवटी खेळायला ठेवते, ताटात गोड ठेवतो तसा.

आणि 'बशा'. खानावळीतला वाढपी आहे, त्याच्या हातात परात. वरच्या फळीवरून बशा घसरतात, कधी डावीकडून, कधी उजवीकडून. धावून झेलायच्या. तीन फुटल्या की संपलं. हा माझा हातखंडा. दिवाळीच्या आधी मी एकशे चाळीस बशा झेलल्या होत्या. ओमप्रकाशजींनी तो आकडा भिंतीवर लिहून ठेवला आणि खाली माझं नाव नाही घातलं, नाहीतर मुलं खेळायची नाहीत म्हणाले.

तर ज्या दिवशीची सकाळ मी सांगत होते, त्या दिवशी, म्हणजे गेल्या बुधवारी, पाचवी मशीन हीच होती. नऊ बशा झाल्या आणि खेळ संपला. तीन वेळा फुटल्याचा आवाज आला, पण एकही बशी पडताना मला दिसली नाही. आवाज आला, मग मी पाहिलं, तर डावीकडे खाली तुकडे. पुन्हा खेळले. पुन्हा तसंच. बशी नाही, नुसता फुटल्याचा आवाज. रिकाम्या दुकानात तो आवाज कसा वाटतो सांगता येत नाही. मी पंखा बंद केला, मागं वळून पाहिलं, कोणी नव्हतं.

मशीन बिघडली असणार. मी फुली मारून आले.

एवढ्यासाठी पत्र लिहिलं असं नाही. सहज लिहिलं. उत्तर दिलं नाही तरी माझा राग नाही.

आपली
अंजना


इंदोरा, नागपूर
रविवार, २३ नोव्हेंबर

प्रेमिलाताईंना जयभीम.

तुमचं पत्र आलं नाही. येईल असं धरूनही मी बसले नव्हते. तरी लिहिते, कारण मशीनचं अर्धंच सांगितलं होतं.

आमचे मेकॅनिक चंपतराव. साठीच्या पुढचे आहेत. आधी इतवारीत रेडिओ दुरुस्त करायचे. रेडिओचे दिवस सरले तसे इकडे वळले. पेटी उघडली की आत डोकं घालून तिच्याशीच बोलत बसतात. "काहून गा रुसली तू? काल तं बरी होती." गड्याला म्हणावं तसं मशिनीला गा म्हणतात, म्हणून मुलं हसतात. मला म्हणतात, "अंजनाबाई, तुमची फुली म्हणजे डॉक्टरची चिठ्ठी. कधी चुकत नाही."

त्यांनी बशावाली उघडली, दांडी बदलली, खेळून पाहिली. "डावीकडून येऊन राहिल्या बशा," म्हणाले. "बराबर येऊन राहिल्या." मी म्हटलं, "मग चांगली झाली असन." दुसऱ्या दिवशी सकाळी मी खेळले. अकरा बशा. मी पुन्हा फुली मारली. त्यांनी आतला काचेचा भाग पुसला, तारा काढून पुन्हा जोडल्या. खेळून पाहिली, चांगली. परवा तिसऱ्यांदा फुली. तेव्हा ओमप्रकाशजी तिथंच होते. ते हसत हसत म्हणाले, "चंपतराव, चश्मा बदलो. बाई को दिखता है, तुमको नहीं दिखता?" चंपतरावांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला आणि पुन्हा पेटीत डोकं घातलं. या वेळी मशिनीशी काही बोलले नाहीत.

मारामारीची मशीन गेली, तिच्या जागी नवीन आली आहे. तिला मी 'दिवे' म्हणते. रात्रीचं घर आहे. एक माणूस खोल्याखोल्यांतून फिरून दिवे लावतो. अंधारात काहीतरी असतं, ते दिसत नाही, नुसता त्याच्या चालण्याचा आवाज येतो. दिवा लावला की ते पळतं. मुलं म्हणतात सोपी आहे. एक तर चहा पितापिता एका हातानं खेळतो. मला ती पहिल्या खोलीपुढे जमत नाही. मी दिवे लावते, तरी घराचा अर्धा भाग काळाच राहतो. मग तो चालण्याचा आवाज येतो आणि खेळ संपतो. मी त्या मशिनीवर फुली मारली नाही. एका दुकानात दोन मशिनी एकाच बाजूनं बिघडत नाहीत, एवढं मलाही कळतं.

विहिरीतही साप आता डाव्या भिंतीतूनच चावतात. मी उजव्या भिंतीला धरून उतरते.

बाकी ठीक. पेपरात आजकाल चुका फार करतात. ओळीचे पहिले शब्द छापतच नाहीत, वाक्याचा अर्थ लागत नाही. मी दुसरा पेपर घेऊन पाहिला, त्यातही तेच. भीमाबाईला म्हटलं तर ती म्हणाली, "मले काय विचारतं वं, मले तं सारेच शब्द गायब हायेत." ती अंगठा उठवणारी, तिला हसू आलं. मलाही आलं.

तीच भीमाबाई मंगळवारी माझ्यावर चिडली. मी दारात तांदूळ निवडत बसले होते. एकदम कानाशी आवाज आला, "फुगली काहून माझ्यावर? घटकाभर झाला, एकटीच बोलून राहिली मी!" ती माझ्या डावीकडे, हात लागेल इतक्या जवळ बसली होती. ताई, मला ती दिसली नव्हती. माझ्या हातातलं सूप पडलं. मी म्हटलं, विचारात होते. ती तांदूळ गोळा करू लागली.

डाव्या दंडावर काळंनिळं झालं आहे. आमच्या खोलीची चौकट अरुंद आहे, तिचा मार लागतो. पाच वर्षं राहते आहे, आताच लागायला लागला. बर्डीवर एका सायकलवाल्यानं शिवी दिली, आंधळी का म्हणून. तो कुठून आला ते मला कळलंच नाही.

एक विचारायचं होतं. तुमच्या दवाखान्यात अशी माणसं येतात का, ज्यांना

जाऊ द्या. थंडी आहे, जपून राहा.

आपली
अंजना


इंदोरा
रविवार, ७ डिसेंबर

प्रेमिलाताई,

तुमचं कार्ड बुधवारी मिळालं. सहा वर्षांनी तुमचं अक्षर, आणि ते मला वाचता आलं. ना जयभीम ना आशीर्वाद, नुसतं: "दोन्ही पत्रं मिळाली. मशीनचं मला समजत नाही. तुझ्या पत्रात डावीकडे चार बोटं कागद कोरा आहे. दुसऱ्या पत्रात सहा बोटं. ओळी कागदाच्या मधून का सुरू करतेस? डोकं दुखतं का? उलट्या? पडली होतीस का? खरं लिही."

आधी मला राग आला. मी म्हटलं, ही बाई पत्र वाचते की मोजते? मग कागद घेतला आणि चार ओळी लिहून पाहिल्या. मला तर त्या काठापासून लिहिल्यासारख्या वाटल्या. डाव्या हाताचं बोट कागदाच्या काठावर ठेवलं आणि शोधलं. बोट सापडलं नाही. माझंच बोट, ताई. मान वळवली तेव्हा दिसलं. मध्ये एवढी कोरी जागा पडली होती.

आता खरं लिहिते. कडेला फुटपट्टी ठेवली आहे आणि हात तिला लागेपर्यंत मागं नेते, मग ओळ सुरू करते. या पत्रात कोरी जागा नसेल.

डोकं दुखतं. दिवाळीपासून. पहाटे जास्त. उलटी दोनदा झाली. पडले नाही.

मशीन बिघडलेली नाही. मला दुसऱ्या फुलीच्या वेळीच कळलं होतं. पहिल्या वेळी नाही, शपथेवर सांगते. दुसऱ्या वेळी चंपतराव माझ्यासमोर खेळत होते आणि त्यांची परात डावीकडे जात होती, रिकाम्या जागेतून बशी उचलून आणत होती. मला बशी दिसत नव्हती, पण त्यांचे आकडे वाढत होते. तेव्हा कळलं. तरी तिसऱ्यांदा मी फुली मारली. मशीन बिघडलेली आहे असं रोज लिहिलं, म्हणजे मी ठीक आहे असं रोज लिहिलं.

गुरुवारी चंपतराव सकाळी आठलाच आले. मी एकटी होते. म्हणाले, "खेळा बाई. मी पाहतो." मी म्हटलं, "मशीन पाहता ना?" म्हणाले, "नाही. मशीन पाहून झाली."

मी खेळले. फुटल्याचा आवाज आला.

"हे काहून नाही झेलली?"

"कोणती?"

"डाव्या हाताची. वरून खालपर्यंत सावकाश येऊन राहिली होती."

 माझ्या डावीकडे उभं राहून त्यांनी खिशातून स्क्रू पिळायचा पेचकस काढला आणि विचारलं, "पेचकस कुठं हाय सांगा."

"तुमच्या खिशात."

"सरळ पाहा. मुंडी नका हलवू."

मी समोर काचेकडे पाहत राहिले. डाव्या बाजूला काही नव्हतं. अंधार नव्हता, ताई, लोकांना वाटतं अंधार असतो. अंधार असता तर मला आधीच कळलं असतं. तिथं काहीच नव्हतं, जसं आपल्याला आपल्या पाठीमागचं नसतं. आणि मग त्या काहीच नाहीमधून, माझ्या नाकासमोर, पेचकसचं टोक निघालं. मागं दांडा नाही, हात नाही, माणूस नाही. मी ओरडले. त्यांनी लगेच हात खाली केला.

"भेऊ नका. मी हाय."

मी म्हटलं, "मालकाले सांगू नका."

"मी काहून सांगीन? पण बाई, तुम्ही कोणाले तरी सांगा. मी रेडिओवाला माणूस. आतली तार तुटली का बाहेरून ठोकून फायदा नाही."

ते कोणाला बोलले नाहीत. पुढे काय झालं ते मला लिहायचं नव्हतं, पण तुम्ही खरं लिही म्हणालात. शुक्रवारी मी त्या मशीनवर बरोबरची खूण केली होती, पण एका मुलाच्या हातून दांडी सैल झाली आणि ओमप्रकाशजींच्या डोक्यात ती मशीन बसलीच होती. त्यांनी सगळ्या मुलांसमोर चंपतरावांना म्हटलं, "महिना हो गया, एक मशीन नहीं सुधरती तुमसे. आँखें गई तुम्हारी. सोमवार शाम को हिसाब ले जाना, मंगलवार से दूसरा आदमी आएगा." चंपतरावांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी हातात झाडू घेऊन तिथंच उभी होते. त्यांनी एवढंच म्हटलं, "ठीक हाय मालक," आणि पिशवीत एकेक हत्यार भरायला लागले. पान्हा, पक्कड, पेचकस. मी एक शब्द बोलले असते तर ते थांबलं असतं. मी खाली वाकून झाडायला लागले. झाडलेलंच पुन्हा झाडलं.

काल सहा डिसेंबर होता. मी दरवर्षी दीक्षाभूमीला जाते. काल गेले नाही. गर्दीत डावीकडून कोण येतं ते मला कळत नाही. घरात बसून पुस्तक उघडलं. पान संपायला अर्धा तास लागला आणि काय वाचलं ते सांगता येईना. ताई, मला मरायची एवढी भीती नाही. आनंदराव गेल्यावर ती बरीच कमी झाली. मला अक्षरं जायची भीती वाटते. कोणी दिली नव्हती मला ती, मी एकेक करून मिळवली. आणि डॉक्टरानं या दुखण्याचं नाव सांगितलं की ते माझ्या घरात राहायला येईल, असं वाटतं. नाव कळत नाही तोवर मशीन बिघडली म्हणता येतं.

म्हणून मी गेले नाही. आणि हे सगळं मी एकदा आधी केलं आहे, हे तुम्हाला माहीत नाही.

आनंदराव गेले तेव्हा तुम्ही सगळ्यांसमोर मला म्हणालात, "तुह्याच्यानं एक कार्ड नाही टाकवलं?" मी मान खाली घालून उभी राहिले. लोकांना वाटलं, अडाणी बाई, काय लिहिणार. तुम्हालाही तेच वाटलं असेल. मीही तसंच वाटू दिलं.

कार्ड लिहिलेलं होतं, ताई. क्वार्टरमधल्या एका मास्तरीणबाईंकडून मी लिहून घेतलं होतं. पॉवर हाउसचा जिना चढताना ते दोनदा बसायचे, शर्टाच्या आत हात घालून छाती चोळायचे. मी कार्ड घेऊन घरी आले आणि त्यांनी पाहिलं. म्हणाले, "ताईले नको कळवू वं. ते मले धरून दवाखान्यात टाकन. थोडे दिवस थांब, थंडी उतरली का बरं वाटन." हसत होते. मला वाटलं, आपण टाकलं तर चिडतील. मी कार्ड पिठाच्या डब्याखालच्या कागदात सरकवून ठेवलं. अकरा दिवसांनी ते गेले.

कार्डात काय लिहिलं आहे ते मला माहीत नव्हतं, मी फक्त सांगितलं होतं. मास्तरीणबाईंनी काही जास्त, काही कमी लिहिलं असेल, त्यात काही चूक असेल, ते तुम्हाला कळलंच नसतं, अशी मी दोन वर्षं माझी समजूत घालत होते. मग वाचता यायला लागलं. पुड्यांचे कागद तुकड्यातुकड्यांत वाचले होते. पहिल्यापासून शेवटपर्यंत मी पहिली गोष्ट वाचली ती ते कार्ड. "आनंदरावांच्या छातीत दुखते. जिना चढवत नाही. ते लपवतात. तुम्ही लवकर यावे." काही चूक नव्हती. पत्ताही बरोबर होता.

ते कार्ड या पाकिटात ठेवते आहे. तुमचं आहे. तुम्हाला ते वाचून माझं तोंड पाहू नये असं वाटलं, तर मी समजून घेईन.

तुम्हाला पहिलं पत्र मी सहज लिहिलं असं म्हटलं होतं. सहज नव्हतं. बशा फुटल्या त्या दिवशी घरी येताना बसमध्ये मला फक्त तुमची आठवण आली, कारण मला माहीत असलेल्या माणसांत तुम्हीच एक आहात जिला खोटं सांगितलं तर ती रागावते. मी लिहिलं आणि त्यात सगळं खोटं लिहिलं. मोटर, विमान, विहीर. म्हणजे खेळांचं खरं होतं. विहीर खरंच चांगला आहे.

इथं थांबते. हात दुखतो आणि फुटपट्टी सरकते. उद्याचं उद्या.


मंगळवार, ९ डिसेंबर

पत्र टाकलं नव्हतं, म्हणून पुढे लिहिते.

काल, सोमवारी, मी सातच्या बसनं गेले, झाडलं, पुसलं. एकही मशीन खेळले नाही. साडेनऊला ओमप्रकाशजी आले तेव्हा सांगितलं की बशावाली पहिल्या दिवसापासून चांगली आहे, चंपतरावांची नजर चांगली आहे, माझी नाही. ते म्हणाले, "तो महीनाभर क्या तमाशा था, अंजनाबाई?" मी म्हटलं, मी भ्याली होती. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली आणि चंपतरावांच्या घरी माणूस पाठवला. चावी मी काउंटरवर ठेवली.

तिथून मोठ्या दवाखान्यात गेले. बायकांच्या रांगेत तीन तास लागले. डॉक्टर तरुण आहेत. त्यांनी बोट फिरवून पाहिलं आणि विचारलं, केव्हापासून. मी तारीख सांगितली, त्याआधीचा बशांचा आकडा सांगितला आणि नंतरचा. त्यांनी ते लिहून घेतलं. म्हणाले, डोळे तुमचे चांगले आहेत, दोष त्यांच्या मागं आहे. डोक्याचे फोटो काढावे लागतील, गुरुवारी सकाळी आठला भरती व्हा, सोबत घरचं कोणीतरी हवं. मी विचारलं, वाचता येईल ना? ते म्हणाले, आताच सांगता येत नाही.

मग खिडकीवरच्या बाईंनी एक फॉर्म दिला आणि विचारलं, लिहिता येतं की अंगठा? मी पेन मागून घेतलं. माझं नाव लिहिलं, वय लिहिलं, पत्ता लिहिला. त्या म्हणाल्या, नातेवाईकाचं राहिलं. मला तो रकाना दिसेना. मान डावीकडे वळवून शोधला आणि तिथं तुमचं नाव लिहिलं, पुढे नणंद असं लिहिलं, आणि खाली सही केली.

तुमची भावजय
अंजना